भुऱ्या पिसाळला म्हणे

डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं आणि त्या गावात एक फुशारक्या मारणारा माणूस राहत होता. मनानं वाईट नव्हता हो, पण चारचौघांत मिरवायची हौस दांडगी.

त्याच्या बायकोनं अंगणात कोंबड्या पाळल्या होत्या. घरात कुत्रा आला तेव्हा तिनं त्याला पिल्लू असल्यापासून कोंबड्यांतच वाढवलं. मागे धावला की दटावायची, गुमान बसला की भाकरीचा तुकडा द्यायची. असा तो भुऱ्या खुराड्याचा राखणदार झाला. कोंबड्या खुशाल त्याच्या पाठीवर चढून बसत.

नवऱ्याला मात्र यात काही गंमत वाटेना. नुसता बसून राहणारा कुत्रा लोकांना काय दाखवायचा? त्यानं भुऱ्याला खेळ शिकवला. ‘छू’ म्हटलं की कोंबड्यांवर झेप घ्यायची, ‘बस्स’ म्हटलं की थांबायचं. कोंबड्या जिवाच्या आकांतानं पळायच्या आणि हा मांडीवर थाप मारून हसायचा.

बायको कळवळून म्हणाली, “अहो, त्याला ही चटक लावू नका. एवढ्या कष्टानं शिकवलंय मी.”

“माझ्या शब्दाबाहेर आहे का तो?” नवरा म्हणाला.

एके सकाळी बायको पाण्याला गेली होती. दुपारी मेहुणे यायचे होते, म्हणून यानं खेळ एकदा करून बघायचं ठरवलं. म्हणाला, “छू!”

कोंबडीचं एक पिल्लू घाबरून धावलं ते थेट त्याच्या धाकट्या पोरीच्या, सगुणीच्या ओच्यात शिरलं. पोरीनं ते हातानं झाकलं. भुऱ्याची झेप तिथंच पडली. ‘बस्स’ म्हणेपर्यंत दात तिच्या मनगटात रुतले होते.

किंकाळी ऐकून लोक काठ्या घेऊन धावले. बायको घागर टाकून पळत आली. भुऱ्या शेपूट पायांत घालून खुराड्यापाशी बसला होता. पोरीची तर बोबडीच वळली होती.

“छू केलंत का तुम्ही?” बायकोनं विचारलं.

साऱ्या गावासमोर मान खाली घालायची? त्याच्या जिवावर आलं. तो म्हणाला, “छे! आपणहून अंगावर आला. पिसाळलाय तो.”

“पोरीच्या डोक्यावर हात ठेवून सांगा.”

त्यानं हात ठेवला. शपथ घेतली.

मग काय, काठ्या पडल्या. भुऱ्या जागचा हलला नाही. धन्याकडे बघत राहिला आणि तसाच मेला.

नवऱ्यानं सुटकेचा निःश्वास सोडला. तेवढ्यात वैद्यबुवा आले. पिसाळलेल्या कुत्र्याच्या चाव्यावर त्या काळी त्या गावाला एकच इलाज ठाऊक होता. त्यांनी चुलीत सळई घातली.

सळई लाल झाली तसा बाप पुढे धावला. तो ओरडला, “थांबा! कुत्रा पिसाळला नव्हता! मीच छू म्हटलं होतं!”

वैद्यबुवांनी हळहळून मान हलवली. “बापाचं काळीज आहे, पोरीचा चटका चुकवायला काहीही बोलेल. कुत्रा जिवंत असता तर बांधून ठेवून पाहिलं असतं. आता काय बघायचं? धरा रे त्याला.”

चौघांनी त्याला धरलं. तो बायकोकडे बघून रडू लागला. “तू तरी ऐक गं! खरं सांगतोय मी!”

बायको पांढरीफटक पडली होती. “शपथ घेतलीत तेव्हाही खरंच सांगत होतात ना? आता कुठलं खरं धरू? चुकले तर माझी पोर जाईल हो.”

आणि तिनं डोळे मिटून सगुणीचा हात स्वतःच सळईपुढे धरला.

लेकरांनो, तात्पर्य एवढंच ध्यानात ठेवा: आपली चूक मुक्या जिवाच्या माथी मारू नये. खोटं एकदा खपलं, की मागाहून कितीही ओरडून खरं सांगा, ते कुणी ऐकत नाही. आणि त्याचा चटका बसतो तो आपल्याच माणसाला.