दहा फुटी ठिपक्या

आईशप्पथ, ही गोष्ट अगदी खरी आहे. म्हणजे निम्मी तरी. बरं, बर्फ तरी खरा होता.

एका बर्फाच्या गावात याकांचा हॉकीचा संघ होता. गोठलेल्या तळ्यावर काठीने चकती ढकलायची आणि गोल करायचा. याक दरवर्षी शेवटचे यायचे. तिथली रीत अशी, की जो शेवटचा येईल त्याने नव्या पिल्लांतून सगळ्यात आधी निवड करायची. त्या वर्षी त्यांनी ठिपक्याला निवडलं. ठिपक्या म्हणजे हिमबिबट्याचं पिल्लू. दुधाचे दात अजून पडायचे होते.

याकांनी लगेच त्याचा बर्फाचा पुतळा उभा केला. दहा फुटी. ठिपक्या त्याच्या गुडघ्यालाही पुरेना. शेजारी आणखी चार पुतळे होते. चौघांनाही मुंडकी नव्हती.

"भुरेकाका, हे कोण?"

"आधीच्या वर्षी पहिले निवडलेले," याकांचा म्होरक्या भुरेराव म्हणाला. "पहिल्या सामन्यात गोल नाही केला त्यांनी."

"मग मुंडकी?"

"पुतळ्यांचीच तोडतो रे! पोरांना नुसतं दरीपलीकडे हाकलतो."

दरीपलीकडे लांडगे होते. ठिपक्याची शेपटी पोटाखाली गेली.

सामना अस्वलांशी होता. चकती आली की ठिपक्या डोळे मिटायचा. अस्वलांनी नऊ गोल ठोकले. शेवटी भुरेराव हातोडा घेऊन पुतळ्याकडे निघाला. ठिपक्याने स्वतःची मान दोन्ही पंजांत धरली.

ठाण्! मुंडकं उडालं, घरंगळत तळ्यावर गेलं आणि थेट अस्वलांच्या गोलात शिरलं. पंच घुबड नुकतंच जागं झालं होतं. त्याने शिट्टी फुंकली. "गोल!"

याक वर्षभरात पहिल्यांदाच नाचले.

"चुकलंच आपलं," भुरेराव म्हणाला. "पुतळ्यालाच निवडायला हवं होतं."

तेव्हापासून पुतळाच खेळू लागला. ठिपक्याला हाकलायचंही कुणाच्या लक्षात राहिलं नाही. तो पहाटे एकटाच तळ्यावर जायचा. घसरायचा, आपटायचा, कुणी पाहिलं तर नाही ना म्हणून दचकायचा, पुन्हा उठायचा. असे तीन हिवाळे गेले. चौथ्यात कडक ऊन पडलं आणि भर सामन्यात पुतळा वितळला.

"जा, तू उभा राहा," भुरेराव वैतागला. "तुझ्याकडून काही व्हायचं नाहीच म्हणा."

ठिपक्याने तेव्हाही डोळे मिटले. पण आता त्याच्या पायांना बर्फ ठाऊक होता. त्याने तीन गोल केले.

याक लगेच छिन्नी घेऊन धावले.

"काका, पुतळा नको," ठिपक्या म्हणाला. "त्या चौघांना शोधून आणा."

भुरेराव दरीकडे बघत राहिला.

तात्पर्य: सगळ्यात आधी निवडलेलं पिल्लू पहिल्या दिवशी पिल्लूच असतं. आधी त्याला चार हिवाळे द्या, मग गोल मागा.

आणि हो, गोष्टीचे मूठभर शेंगदाणे ठरले होते. काढा. सोलून.