गोजरा कासारणीची टोपली

फार वर्षांपूर्वी, तालुक्याला आगगाडी यायच्याही आधी, डोंगराच्या कुशीतल्या मोहोरवाडीत गोजरा नावाची कासारीण राहायची. डोक्यावर बांगड्यांची टोपली घेऊन ती पाच गावं पालथी घालायची. कामानं राठ झालेल्या हातातही ती अशी अलगद बांगडी चढवायची की काच कधी तडकली नाही, असं म्हणतात.

नवऱ्यानं तिला अक्षरं शिकवली होती. तो तरणाताठा गेला आणि अक्षरं तेवढी मागे राहिली. घरात वाचायला काही नव्हतं, पण बांगड्या यायच्या त्या रद्दीच्या कागदांत गुंडाळून. गोजरा ते कागद मांडीवर सरळ करून वाचायची. एकदा अशाच एका कागदावर एक राजकन्या विहिरीत उतरत होती, आणि कागद नेमका तिथंच फाटलेला! तीन दिवस गोजराला घास गेला नाही. चौथ्या दिवशी ती बारा कोस चालत तालुक्याच्या रद्दीवाल्याकडे पोचली.

“दादा, या पोरीचं पुढं काय झालं?”

रद्दीवाला हसला. “आत ढीग आहे, बाई. तूच शोध.”

राजकन्या काही सापडली नाही. पण तिला शोधताना हाती लागल्या चोरांच्या गोष्टी, आकाशातल्या ताऱ्यांचं पुस्तक, गुरांच्या दुखण्यांचं पुस्तक, लोणच्यांचं, भुतांचं, आणि पायी हिमालय चढलेल्या एका बाईची हकिगत. “अगं बाई, हे सगळं जगात होतं आणि मला कुणी सांगितलं नाही!” असं ती मोठ्यानं म्हणाली. मग रद्दीवाल्याच्या लेकीचे दोन्ही हात कोपरापर्यंत बांगड्यांनी भरून, टोपलीभर पुस्तकं घेऊन ती परतली.

त्यानंतरचं नवल अजून सांगतात. बांगडी भरायला मनगट हातात घेतलं, की त्या माणसाला कुठलं पुस्तक हवं ते गोजराला कळायचं. अंधाराला भिणाऱ्या कोंडाईला तिनं ताऱ्यांचं पुस्तक दिलं, तर ती अंगणात झोपायला लागली. पाय गेलेल्या म्हाताऱ्या ठकूबाईला हिमालय दिला, तर ती बाजेवर बसून सुनेला बर्फाच्या वाटा सांगू लागली. ज्यांना वाचता येत नव्हतं, त्यांना गोजरानं बांगड्या भरता भरता अक्षरं शिकवली. मनगटाची नस आणि पुस्तकाचं पान एकाच लयीत हलतं, असं ती म्हणायची म्हणे.

गावचे पाटील रावजी मात्र एके दिवशी, गोजरा बायकांना बांगड्या भरत होती तेव्हा, तावातावानं पारावर आले.

“गोजरे, तुझ्या पुस्तकांपायी माझ्या घरच्या भाकरी करपायला लागल्या! धाकटी सून चुलीपुढं वाचते, थोरली ऐकत बसते. आजपासून या गावात तुझी टोपली फिरायची नाही. आण ती इकडं!”

बांगड्या काय, दुसऱ्या गावातही खपल्या असत्या. पण ठकूबाई पुस्तकातल्या हिमालयावर अजून निम्म्या वाटेत होती, तिला खाली कोण आणणार? पाटलांनी टोपली घ्यायला हात पुढे केला आणि गोजरानं सवयीनं त्यांचं मनगटच धरलं.

बायकांनी पदर तोंडाला लावले. गावच्या पाटलाचा हात कासारणीच्या हातात!

गोजरानं डोळे मिटले. “पाटील,” ती हळूच म्हणाली, “या हाताला समुद्र लागतो.”

पाटलांनी समुद्र कधी पाहिला नव्हता. पाहावासा वाटायचा, हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं. गोजरानं टोपलीतून एका जुन्या खलाशाची हकिगत काढून दिली, ती त्यांनी उपरण्याखाली घेतली आणि खाली मान घालून घर गाठलं.

चार दिवस पाटील कुणाला दिसले नाहीत. पाचव्या दिवशी त्यांनी सगळा गाव चावडीवर बोलावला आणि वादळाचा भाग मोठ्यानं वाचून दाखवला. ऐकणाऱ्यांच्या ओठांवर मीठ आलं, असं म्हणतात. दुसऱ्या सकाळी पोरांना गल्लीत शिंपले सापडले, असंही म्हणतात. पाटलांच्या घरची भाकरी त्या दिवशीही करपली, पण ती त्यांनी मुकाट्यानं खाल्ली आणि गोजराकडे निरोप धाडला: “पुढचा भाग असला तर पाठव.”

गोजरा पुष्कळ जगली. म्हातारपणी एकदा ती टोपली घेऊन पश्चिमेच्या वाटेला लागली, ती परतली नाही. समुद्रातल्या बेटांवर ती अजून बांगड्या भरते, असं कोळ्यांकडून कळल्याचं सांगतात.

मोहोरवाडीत आजही संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून पुस्तक लुटतात. त्या दिवशी पुरुषही रांगेत असतात. नियम एकच. गोजराचं वाण निवडायचं नाही आणि नाकारायचं नाही, जे हाती येईल ते पुढच्या संक्रांतीपर्यंत वाचायचं. गेल्या खेपेला ट्रॅक्टरवाल्या बबनरावांच्या हाती विणकामाचं पुस्तक आलं. ते आठवडाभर कुरकुरले. यंदा थंडी पडली तेव्हा सबंध गावात एकट्या त्यांच्या ट्रॅक्टरच्या सीटला लोकरीचा अभ्रा होता, लाल, आणि कडेनं पांढरी फुलं.