पोट बांधून शिवणारी सगुणा

फार फार वर्षांपूर्वी, नद्यांवर अजून पूल नव्हते तेव्हा, एका राज्यात एक मोठे शिवणघर होते. चाळीस बायका तिथे सकाळपासून दिवेलागणीपर्यंत मान मोडून शिवत. त्यांच्यातच सगुणा होती. नवरा अंथरुणाला खिळलेला. घरची चूल तिच्या सुईवर पेटायची.

शिवणघराच्या कारभाऱ्याचा एक नियम होता. पोटुशी बाई दिसली, की तिची जागा दुसरीला द्यायची. "दमलेली बाई काम अडवते," तो म्हणे.

सगुणाला सातवा महिना लागला होता. रोज पहाटे ती जुन्या लुगड्याची पट्टी पोटावर घट्ट आवळी, वर पदर सैल सोडी आणि कापडाच्या ढिगाआड जाऊन बसे. कारभाऱ्याची पावले वाजली, की श्वास रोखून धरी.

त्या वर्षी राणीलाही दिवस गेले होते. तिच्या बाळाची झबली, कुंच्या, दुपटी शिवायचे काम निघाले. घाई सुरू झाली, दुपारचा विसावा बंद झाला. वाकून वाकून शिवताना एके दिवशी सगुणाच्या ध्यानात आले, की कालपासून पोटातले बाळ हललेलेच नाही.

सांगणार कोणाला? शेजारी बसून शिवणाऱ्या बायजाक्कालाही तिने सांगितले नाही. हात चालत होता, पण जीव थाऱ्यावर नव्हता. 'एवढी शिवण संपली, की हलेल.' शिवण संपे. बाळ हलत नसे.

तेवढ्यात राणी स्वतः कपडे पाहायला आली. एक झबले तिने उलटसुलट केले. "याची शिवण बाहेरच्या अंगाला का?"

"आत असली की बाळाला टोचते, राणीसाहेब," सगुणा बोलून गेली आणि तिने जीभ चावली.

"कोण बोललं? पुढे ये, बाई."

सगुणा पेचात पडली. उठावे तर पोट दिसणार, न उठावे तर राणीचा अपमान. भिंतीला धरून ती कशीबशी उठली. डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती तिथेच कोसळली.

बायजाक्काने धावत जाऊन तिचा पदर बाजूला केला. आवळलेली पट्टी सगळ्यांना दिसली.

"फसवलं हिनं!" कारभारी गरजला. "उद्यापासून हिला इथं पाय ठेवू देऊ नका."

"मग मीही येणार नाही." बायजाक्का म्हणाली. "माझं लेकरू इथंच शिवता शिवता पोटातच गेलं. तेव्हा मी गप्प बसले." तिने सुई खाली ठेवली. शेजारणीने ठेवली. एकेक करत साऱ्या सुया खाली आल्या.

राणी जमिनीवर बसली आणि तिने आपल्या हाताने पट्टी सोडली. बायजाक्काने तोंडावर पाणी शिंपडले. मग सगुणाने डोळे उघडले, पोटावर हात नेला. "हललं," ती म्हणाली आणि रडू लागली.

"आता तरी शिवाल ना?" राणीने हळूच विचारले.

"नियम बदलला की शिवू," बायजाक्का म्हणाली.

त्याच दिवशी राणीने नियम बदलला. पोटुशी बाईची जागा तिचीच राहील. बाळंतपणात नि आजारपणात शिधा घरपोच येईल. दुपारचा विसावा कोणी मोडणार नाही. कारभाऱ्याचे काम बायकांनी निवडलेल्या बायजाक्काकडे आले. सगुणाला मुलगी झाली. अशक्त होती, चालायला उशिरा लागली, पण जगली.

म्हणून लक्षात ठेवा: ज्यांच्या कष्टावर आपले सुख उभे आहे, त्यांना अडल्यावेळी आधार देणे हे उपकार नव्हेत, ते आपले कर्तव्य आहे.