ठकीची हाक

गावाबाहेरची ही उभी शिळा दिसते ना, तिच्यापर्यंत आस्कंद, म्हणजे तुमची अश्वगंधा, दाट उगवतो. शिळेच्या अलीकडे, गावाच्या बाजूला, एक रोप सापडायचं नाही. ही मुळी हुंगून पाहा, घोड्याच्या अंगाचा वास येतो. नाक मुरडू नका, पाहुणे! दुधात उकळून, वर तूप घालून घेतली की छातीतली धडधड शमते, उडालेली झोप परत येते. आजारातून उठलेल्याला आम्ही हीच देतो. पण आमच्या कुरणवाडीत ती चोरून कुणाला पाजत नाहीत, आणि ज्याला दिली त्याच्या उंबऱ्यात एक जण जागा बसतो.

फार पूर्वी इथे म्हाळसा नावाची धनगरीण होती, असं सांगतात. पौषातल्या एका सकाळी तिची लेक ठकी मेंढरांमागे माळावर गेली आणि धुकं उतरलं. हातातली काठी दिसेना असं धुकं. मेंढरं परतली, पोर नाही. गावानं शोध शोध शोधलं, मग तरसानं नेली म्हणून हात टेकले. म्हाळसा मात्र त्या न उठणाऱ्या धुक्यात रोज तिन्हीसांजेला वेशीत उभी राहून पहाटेपर्यंत हाका मारी, "ठके, इकडं ये गं!" धुक्यात दिवा दिसत नाही, पण आवाज पोचतो, एवढंच तिचं म्हणणं.

लोक धास्तावले. मेलेल्याला तिन्हीसांजेला हाक मारली तर ते येतं, अशी समजूत. कुणाचा डोळा लागेना. शेवटी सगळे म्हाळसेच्या जावेकडे, कोंडाईकडे गेले. कोंडाईचा जावेवर जीव होता. तिनं नेहमीपेक्षा जास्त मुळी दुधात उकळली आणि "घसा बसलाय तुजा, ऊन ऊन दूध घे," म्हणून पाजली. म्हाळसा विश्वासानं प्यायली, वेशीकडे जायला उठली आणि उंबऱ्यातच निजली. गावही, म्हणे, त्या रात्री गाढ झोपलं.

उजाडता धुकं विरलं. या शिळेला टेकून ठकी बसली होती, तोंड गावाकडे, परकराच्या ओच्यात आस्कंदाची तांबडी फळं. अंग अजून पुरतं गार पडलं नव्हतं. रोज आईच्या आवाजाच्या रोखानं थोडं थोडं चालत ती इथवर आली होती, आणि आवाज थांबला तिथे बसली होती. गाव इथून हाकेच्या अंतरावर आहे हो.

कोंडाईनं कपाळ बडवून घेतलं. "तिला निजवाया पाजलं म्या," ती म्हणाली, "खरं तर मलाच निजायचं हुतं."

म्हाळसेनं तिला शिव्याशाप दिले नाहीत. एवढंच विचारलं, "मी निजले, तर माज्या जागी तू का न्हाई हाक मारलीस?"

कोंडाई पुढे जन्मभर तिन्हीसांजेला या शिळेपाशी येऊन हाक मारत राहिली, म्हणे.

आजही मुळी देतात ती विचारून. आणि घेणारा जागा होईतो घरातलं कुणीतरी उंबऱ्यात बसून, ज्याच्या काळजीनं त्याची झोप उडाली त्याला हाक मारतं. आमच्या हिनं गेल्या साली घेतली, तेव्हा परमुलखात गेलेल्या लेकाला मी हाका मारल्या. आधी लाज वाटली, मग रडू आलं. शेवटची हाक ठकीच्या नावानं मारायची आणि दार उघडं ठेवायचं, अशी रीत आहे.

सकाळी कधी कधी उंबऱ्यात तांबडी फळं पडलेली असतात. वाऱ्यानं आली असतील, असं मी म्हणतो. आमची ही ती फळं ओंजळीत घेते, आत आणते आणि मगच दार लावते.