तांबटाचा उंबरा

नदीकाठच्या एका गावात एक तांबट राहत होता. हात कसबी, आणि तोंड त्याहून कसबी. त्यानं पेढीवरून कर्ज काढून नवं घर बांधलं होतं. त्या गावची रीत अशी, की घर गहाण पडलं की पेढीवाला उंबऱ्यात एक लोखंडी खिळा ठोकायचा. तांबटाच्या घरासारखंच गावातलं प्रत्येक घर गहाण होतं. आणि घराच्या कर्जाचं व्याज दर अमावास्येला बाजारभाव पाहून नव्यानं ठरायचं.

पलीकडच्या काठावरून स्वस्त भांडी यायला लागली, तसा तांबट चावडीवर गेला.

"पाटील, पलीकडच्या मालावर जकात बसवा. भरतील ते, आपलं काय जातंय!"

लोकांना पटलं. सगळ्यांनी हात वर केले. जकात बसली, तीही नुसत्या भांड्यांवर नाही, तर तेल, मीठ, कापड, सगळ्यावर.

पलीकडच्या व्यापाऱ्यांनी जकात भरली आणि मुकाट्यानं मालाच्या किमतीत मिळवली. बाजार महागला. अमावास्येला पेढीवाल्यानं व्याज वाढवलं. त्याच सकाळी तांबट घरातून निघताना अडखळला. उंबरा वीतभर वर आला होता, खिळ्यासकट.

तो पेढीवर धावला. "व्याज का वाढलं? मी हप्ता चुकवलाय का?"

"नाही हो," पेढीवाला म्हणाला. "पण तुम्ही परत द्याल त्या रुपयात आता पूर्वीइतकं तेल येत नाही. ती तूट मी व्याजातच काढणार ना?"

"आणि उंबरा?"

"त्याचं मला विचारू नका," असं म्हणून पेढीवाल्यानं मान खाली घातली.

तांबटाची भांडीही खपेनात. महाग तेलमीठ घेऊन लोकांच्या हाती उरतंय काय? तरी या शहाण्याला वाटलं, जकातच कमी पडली. पुन्हा चावडी, पुन्हा हात वर. पुढच्या अमावास्येला उंबरा कमरेला लागला. त्यानं करवतीनं कापून काढला. सकाळी तो होता तेवढाच होता.

बायको घाबरून म्हणाली, "अहो, मला बाहेर पडता येत नाही. पाटलांना सांगा, जकात काढून टाका."

"सांगतो," तो म्हणाला.

तिसरी बैठक नेमकी अमावास्येला, भर दुपारी भरली. पाटलांनी विचारलं, "जकात काढायची की आणखी वाढवायची?" सगळे तांबटाकडे बघायला लागले. आपलं चुकलं, एवढे दोन शब्द त्याच्या तोंडून निघेनात. त्यानं वाढवायला हात वर केला. त्याच्यामागे सगळ्यांनी केला. पेढीवाल्यानं महागाईची वाटही पाहिली नाही, तिथल्या तिथे नवं व्याज सांगून टाकलं.

तांबट घरी आला, तर दारच नव्हतं. उंबरा चौकटीच्या माथ्याला भिडला होता. आतून बायकोचा आवाज आला, "आलात? सांगितलंत ना पाटलांना?"

त्यानं गल्लीत वळून पाहिलं. हात वर करून आलेले सगळे आपापल्या घरापुढे तसेच उभे होते, आणि प्रत्येक घरात आतून कुणीतरी ठोठावत होतं.

तात्पर्य इतकंच: परक्याच्या मालावर बसवलेली जकात बाजारातून फिरून आपल्याच घराच्या व्याजात येते, आणि चूक कळूनही लाजेपोटी हात वर करणारा आपल्याच माणसांना कोंडतो.