भिंतीपलीकडचा मुकादम

एका राजधानीत, जिचं नाव सांगणारं आता कुणी उरलेलं नाही, एक रंगारी राहत होता. राजाच्या रंगशाळेत तो चाकरीला होता. काम म्हणाल तर एकच, शिपायांची पागोटी लाल रंगवायची. राजाला लाल रंगाचं वेड होतं आणि शिपाई काही थोडेथोडके नव्हते. रंगाऱ्याचं सगळं तारुण्य त्या लाल रंगात गेलं. त्याचे हात कोपरापर्यंत लाल झाले होते. ते जेवताना लाल आणि देवापुढे जोडतानाही लालच.

रंगशाळेची एक रीत होती. ओळीने चुली, चुलींवर कढया आणि प्रत्येक कढईपाशी एक रंगारी. मधून मुकादम फिरायचा. तो "टाका!" म्हणाला की सगळ्यांनी कापड कढईत टाकायचं. "हलवा!" म्हणाला की काठीने हलवायचं. आणि रंग नेमका चढला की तो खच्चून ओरडायचा, "काढा!" मग सगळ्या काठ्या एकदम वर. रंग चढला की नाही, हे कुणी आपल्या डोक्याने ठरवायचं नाही. एक पागोटं फिकं आणि दुसरं गडद, असं राजाच्या फौजेत खपत नसे.

या सगळ्याला रंगारी विटला होता. घरी आला की बायकोपाशी त्याची कुरकुर चालायची. "अगं, जगात पिवळा आहे, जांभळा आहे, मोरपंखी आहे. आणि मी मात्र लाल रंगवता रंगवता मरणार. बरं, तो लाल तरी माझा कुठे? तोही मुकादमाचाच."

"मग सोडा की," बायको म्हणाली. "ओसरीवर कढई मांडू. लाकडं मी आणीन, पाणी मी भरीन. पण हे तोंड पाडून जेवणं आता पुरे झालं."

रंगारी मुकादमाकडे गेला. मुकादम म्हणाला, "नीट विचार कर, बाबा. या दारातून बाहेर पडलेल्याला परत आत घेत नाहीत."

"परत यायचंय कुणाला?" रंगारी म्हणाला आणि छाती काढून निघाला. घरी गेला तो जवळजवळ नाचतच. इतका आनंद त्याला पुन्हा कधी झाला नाही.

पहिलं गिऱ्हाईक म्हणून आली ती एक गवळण. पांढरं लुगडं पुढे करून म्हणाली, "माझ्या लेकीची हळद आहे. असं पिवळं करून द्या की मांडवात उजेड पडला पाहिजे."

"असा पिवळा तुम्ही आयुष्यात पाहिला नसेल," रंगारी म्हणाला.

त्याने डाळिंबाच्या साली उकळल्या आणि कापड टाकलं. रंग चढू लागला. एका क्षणी तो अगदी हवा तसा झाला. रंगाऱ्याने आपल्या डोळ्यांनी ते पाहिलं, काठीही हातातच होती, पण हात काही उचलेना. कानावर काहीतरी पडायला हवं होतं, ते पडत नव्हतं. तो वाट बघत राहिला. कशाची, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

"अहो, करपलं की ते! काढत का नाही?" बायको उंबऱ्यातून ओरडली, तेव्हा कुठे तो भानावर आला. लुगडं चिखलाच्या रंगाचं झालं होतं. गवळणीने ते हातात घेतलं आणि ती रडू लागली. रंगाऱ्याला वाटलं, तिने चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढचं कापड त्याने भीतीपोटी लवकर काढलं, ते डागाळलेलं निघालं. त्याच्या पुढचं काढलं, घाबरून पुन्हा टाकलं, पुन्हा काढलं. त्याचं काय झालं ते न सांगितलेलं बरं. गावभर बोभाटा झाला.

बायकोने मात्र आळीतून फाटकी जुनेरं मागून आणली आणि ओसरीवर त्यांचा ढीग घातला. "यांच्यावर करून बघा. बिघडली तर बिघडू देत. बिघडता बिघडता हाताला कळेल कधी काढायचं ते. मी सांगणार नाही हं. तुमचं तुम्हीच ठरवायचं."

रंगाऱ्याने त्या ढिगाकडे पाहिलं आणि त्याच्या अंगाचा तिळपापड झाला. "राजाच्या रंगशाळेतला रंगारी मी, आणि या वयात चिंध्यांवर शिकू? लोक हसतील!"

"लोक हसतायतच," बायको म्हणाली.

ते त्याला फार लागलं. तो तसाच उठला आणि चालत सुटला. पाय सवयीने रंगशाळेकडेच वळले. मागच्या भिंतीपाशी पोचतो तोच पलीकडून आवाज आला, "काढा!" रंगाऱ्याचा मोकळा हात भर रस्त्यात आपोआप वर गेला. त्याला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं.

दुसऱ्या दिवशी त्याने आपली चूल त्या भिंतीला लागून मांडली. मुकादम "टाका" म्हणाला की हाही टाकी, "काढा" म्हणाला की हाही काढी. पिवळा तिथेही करपला आणि जांभळाही वाया गेला, कारण मुकादमाचा अंदाज लाल रंगाचा होता. मग रंगारी लाल रंगाची मुळी, मंजिष्ठ, घेऊन आला आणि त्याने लाल रंगवला. तो असा उतरला की बघत राहावं! लग्नाचे फेटे घेऊन लोक येऊ लागले आणि दुकान चाललं.

बायको लाकडं आणून देई, पण तिचं बोलणं कमी झालं. एकदा न राहवून म्हणाली, "रंग तोच, मुकादमही तोच. फक्त आता डोक्यावर छप्पर नाही."

"पण दुकान माझं आहे," रंगारी म्हणाला, पण त्याला तिच्याकडे बघवलं नाही. त्याला सगळं कळत होतं. कळत नसतं तर निदान सुखाने जगला असता.

अशी वर्षं गेली. रंगाऱ्याचे केस पिकले. मग एके दिवशी म्हातारा मुकादम वारला आणि त्याच्या जागी नवा आला. हा मोठा शांत माणूस होता. तो ओरडत नसे, नुसता हात वर करी. आतल्या सगळ्यांना तो दिसे आणि काम बिनबोभाट चाले. भिंतीबाहेर कुणी कान लावून उभं असेल, हे त्या बिचाऱ्याच्या स्वप्नातही आलं नाही.

रंगारी पेटलेल्या चुलीपाशी ताटकळत उभा राहिला. समोर नवरदेवाचा बाप फेटा घेऊन आला होता. "अहो, टाका ना! वरात खोळंबलीय," तो खेकसला. 'टाका' ऐकल्याबरोबर रंगाऱ्याने फेटा टाकला आणि पुढच्या हाकेची वाट बघू लागला. भिंतीपलीकडे धूर दिसत होता, कापडं पिळल्याचा आवाज येत होता, पण हाक काही येईना. त्याने भिंतीला कान लावला. नवरदेवाचा बाप आधी विनवत राहिला, मग तोंडाला येईल ते बोलून निघून गेला. कढईतलं पाणी आटलं आणि फेटा काळा पडला.

बायको लाकडांची मोळी घेऊन आली, तेव्हा रंगारी काठी धरून तसाच उभा होता. तिला बघून तो अगदी हळू आवाजात म्हणाला, "काढू का?"

तिला त्याचा राग यायला हवा होता, पण रडूच आलं. तिने मोळी खाली टाकली, घागर चुलीवर ओतली आणि त्याच्या हातातली काठी काढून घेतली.

तात्पर्य: स्वतःचा धंदा करायचा तर आपल्या हाताने चुकण्याची लाज आधी सोडावी लागते. ती सुटली नाही, तर नोकरी सोडूनही माणूस चाकरच राहतो.