दाराकडे पाठ

एका बाजाराच्या गावात एक कासार होता. लग्न ठरलं की लोक सोनाराच्याही आधी आपल्याकडे येतात, असं तो सांगे. सोनार वेगळं सांगे.

कासाराची बहीण वारली, तेव्हा तिची लहानगी मुलगी त्याने आपल्या घरी आणली. बहिणीचा नवरा दारुडा. त्या घरात दार वाजलं की मागोमाग मार ठरलेला. मामाच्या घरी तिच्यावर कुणी हात उगारत नव्हतं. म्हणजे आता सगळं ठीक झालं, असं सगळ्यांनी गृहीत धरलं.

पण पोर काही खुलेना. मुलांत लपंडाव खेळायची, छान लपायची, आणि कुणी ‘सापडलीस’ म्हटलं की रडायची.

घरातल्या इतर मुलांसारखं तिलाही बांगड्या जुळवायला बसवलं. एका रंगाच्या, एका मापाच्या बांगड्या निवडून दोरीत ओवायच्या. त्या घराची रीत अशी, की दाराकडे पाठ करून बसायचं, म्हणजे उजेड नीट हातावर पडतो. पोरीच्या मात्र रोज चुका होत. एकदा तर एका नवरीच्या हिरव्या चुड्यात निळी बांगडी निघाली. नवरीची आई भर बाजारात चार शब्द सुनावून गेली.

कासार म्हणाला, मुलगी मंद आहे. संक्रांतीपर्यंत सुधारली तर ठीक, नाही तर तिला बापाकडे पोचवून येईन. हे तो पोरीसमोरच म्हणाला. त्या दिवशी तिने तीन बांगड्या फोडल्या.

त्या घरात एक नवी सून आली होती. ती फार बोलत नसे, त्यामुळे तिला पुष्कळ दिसे. एका दुपारी ती पोरीशेजारी बसली होती. पोर एकाएकी थांबली आणि हळूच म्हणाली, “वहिनी, मामा रागात आहेत.”

“कशावरून?”

“चपला वाजतायत.”

कासार आत आला. खरंच रागात होता. उधारीवरून कुणाशी तरी वाजलं होतं.

सून विचारात पडली. नुसत्या चपलांवरून जिला एवढं कळतं, ती मंद कशी? हिची सगळी अक्कल पहाऱ्याला दारात उभी आहे. बांगड्यांसाठी उरणार काय? तिला स्वतःची आमटी आठवली. सासूबाईंच्या पावलांकडे कान लावून तिने पहिल्या आठवड्यात दोनदा मीठ घातलं होतं. कुणी तिला मंद म्हटलं नाही. जे म्हटलं ते वेगळंच होतं.

तिने सासऱ्यांना विचारलं, “मामंजी, हिला दाराकडे तोंड करून बसवू का?”

“सात पिढ्यांत कुणी बसलं नाही. डोळे दिपतात त्यानं.”

“डोळे दिपतील. पण कान मोकळे होतील.”

कासाराला ते पटलं नाही, पण त्याने अडवलंही नाही. पोरीची बैठक फिरली. पहिले काही दिवस ती नुसती दाराकडेच बघत बसली. कासार म्हणाला, बघ, होतं तेही गेलं.

तेव्हा सुनेने आणखी एक मागितलं. मामंजींनी आत येण्याआधी बाहेरूनच हाक द्यावी.

“माझ्याच घरात मी दवंडी पिटू?”

दुसऱ्या दिवशी उंबऱ्याबाहेरून एक पडेल आवाज आला, “मी आलोय गं.” पोरीने वर पाहिलं, मामाला पाहिलं, आणि पुन्हा खाली पाहिलं. मग हे रोजचंच झालं. शेजारी हसले. कासार त्यांच्यावर चिडायचा, पण हाक द्यायला चुकत नसे. पोरीच्या चुका अजून होत, पण कमी होत गेल्या.

संक्रांत तोंडावर आली. बाजाराच्या गडबडीत एक दिवस कासार हाक न देताच आत शिरला. दारात येऊन त्याला ते आठवलं आणि तो तिथेच थबकला. पोर हिरवा चुडा ओवत होती. तिने मान वर केली नाही.

“मामा, तुम्ही हाक मारायला विसरलात,” ती म्हणाली, आणि पुढची बांगडी उचलली.

कासार खाली बसला. चुडा हातात घेऊन त्याने एकेक बांगडी तपासली. सगळ्या हिरव्या होत्या.

बापाकडे पोचवायचं पुन्हा कुणी काढलं नाही.

तात्पर्य काय, तर मूल चुकलं की त्याची अक्कल मोजण्याआधी त्याचे कान कुठे लागलेत ते पाहावं. आणि दारातून येणारे आपणच असलो, तर आधी हाक द्यावी.